आलोच आहे तर...

आमच्या शाखेत एक कॅशियर होते. ११ जुलै २००६, मंगळवार. संध्याकाळी त्यांची कॅश टॅली होईना. फरक दहा रुपयांचा. खिशातले दहा टाकून मोकळा होणारा हा माणूस नव्हे. पुन्हा पहिल्यापासून मोजत बसले आणि चर्चगेटची रोजची गाडी हुकली. त्या संध्याकाळी ११ मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या ७ गाड्यांत स्फोट झाले, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. यांचा पास फर्स्ट क्लासचाच. पुढच्या आठवड्यात त्यांनी शाखेत पेढे वाटले. म्हणाले, "देवानेच दहा रुपये इकडचे तिकडे केले."

मी पेढा घेतला, पण तो घशाखाली उतरेना. आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत बी विंगमधले एक काका त्याच संध्याकाळी धावत जाऊन गाडीत चढले होते. घरी फोनही केला होता, "मिळाली गाडी, पोळ्या टाकायला घे." मी पेढा हातात धरून उभी होते तेव्हा त्यांच्याकडे दिवस चालू होते.

त्यांच्या वाटेत देवाने दहा रुपये का नाही टाकले?

तेव्हापासून कुणी 'देवाने वाचवलं' म्हटलं की मी गप्प बसते. वाद घालत नाही. जीव वाचलेल्या माणसाने आभार कुणाचे मानावेत हे सांगणारी मी कोण? आणि मी नास्तिक वगैरे मुळीच नाही. मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत मीही असते, चपला कुठे काढल्या ते दर वेळी विसरते. पण कोण वाचला आणि कोण गेला, यावरून देवाचा हिशेब मांडायला गेलं की तो कधीच टॅली होत नाही. बँकेत आयुष्य गेलंय, एवढं मला कळतं.

मग देवाची योजना म्हणतात ती मला कुठे दिसली? दिसली असं मला वाटतं. एकदाच, आणि तीही रक्तपेढीच्या खिडकीपाशी.

माझा आतेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो, चिपळूणचा. ब्लड कॅन्सर. उपचार परळला. १२ सप्टेंबर २०१९, अनंत चतुर्दशी. सकाळी रिपोर्ट आला, प्लेटलेट ८ हजार. तुमच्याआमच्यात त्या दीड लाखाच्या वर असतात. १० हजाराच्या खाली गेल्या की डॉक्टर थांबत नाहीत, कारण कुठेही न लागता आतल्या आत रक्तस्राव सुरू होऊ शकतो. आणि प्लेटलेटची पिशवी टिकते जेमतेम ५ दिवस. साठा करून ठेवण्याची वस्तूच नव्हे ती. त्यातून सणासुदीत दाते मिळत नाहीत. आम्हाला एसडीपी हवं होतं, म्हणजे एका माणसाने दीड-दोन तास मशीनला बसायचं. हातातून रक्त काढतात, मशीन त्यातल्या प्लेटलेट वेगळ्या करतं आणि उरलेलं रक्त परत त्याच्याच अंगात सोडतं. आम्ही दोन दाते ठरवले होते. एकाला रात्री ताप भरला, दुसऱ्याचा फोन लागेना. बाहेर रस्ते बंद. लालबाग हाकेच्या अंतरावर, ढोल वॉर्डापर्यंत ऐकू येत होते. मी रक्तपेढीबाहेरच्या बाकावर बसून 'अर्जंट, बी पॉझिटिव्ह' म्हणून दिसेल त्या ग्रुपवर टाकत होते. लोक हात जोडल्याचे इमोजी पाठवत होते आणि मला त्या हातांचा राग येत होता.

एवढ्यात पंचविशीतला एक मुलगा आला, पाठीला सॅक. खिडकीपाशी त्याने एका पेशंटचं नाव सांगितलं. आतल्या बाईंनी वहीत पाहिलं, कुणाला तरी फोन लावला आणि हळू आवाजात म्हणाल्या, त्या पहाटे गेल्या.

त्याच्या त्या कुणीच नव्हत्या. मित्राच्या ऑफिसातल्या कुणाची तरी आई. अंबरनाथहून त्या गर्दीत गाडी बदलून आला होता. तो क्षणभर तसाच उभा राहिला. आता वळणार आणि जाणार, असं मी धरूनच चालले होते. गेला असता तर त्याला कुणी नावं ठेवली नसती. त्याने मान खाजवली आणि परत खिडकीत वाकून विचारलं, "आलोच आहे तर... दुसऱ्या कुणाला लागतंय का?"

मी बाकावरून कशी उठले ते मला आठवत नाही.

ग्रुप तोच निघाला. तपासण्या धरून चारेक तास गेले. मग त्याला फ्रूटी आणि बिस्किटं दिली. मी टॅक्सीचे पैसे पुढे केले तर हसून म्हणाला, "मावशी, आज टॅक्सी कुठे मिळायची?" मी वर जाऊन वहिनीला सांगून येईपर्यंत बाक रिकामा.

रात्री घरी आल्यावर आई म्हणाली, "स्वामींनीच पाठवला बघ." मी दिवसभराची दमलेली, एकदम भडकले. "मग त्या बाईंना पण स्वामींनीच नेलं का? आपल्याला प्लेटलेट मिळाव्यात म्हणून?"

आई वालपापडी निवडत होती. हातातली शेंग पुरी सोलली, मग म्हणाली, "मी पाठवला म्हटलं. नेलं म्हटलं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

लहानपणी ऐकलेल्या गोष्टी मग वेगळ्या कळायला लागल्या. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं लुटवली, तेव्हा विठोबा विठू महार होऊन बिदरच्या बादशहाकडे गेला, पैसे भरले आणि चक्क पावती घेतली. दामाजींना कळलं केव्हा? सगळं होऊन गेल्यावर. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या १२ वर्षं पाणी भरत होता. तो कोण हे कळलं तेव्हा घरात श्रीखंड्या नव्हताच. जनाबाईचं दळण तर सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडचा देव संकट टाळत बसत नाही. दुष्काळ पडतो तो पडतोच, जनीच्या वाटचं दळण काही कमी होत नाही. तो येतो आणि खुंट्याला हात लावतो. यायचा तो गड्याच्या, पोऱ्याच्या वेषात, आणि ओळख पटेपर्यंत निघून गेलेला.

माझा भाचा म्हणतो, "मावशी, याला साधी माणुसकी म्हण ना, देव कशाला मध्ये?" बरोबर आहे त्याचं. मी त्याला पटवू शकत नाही आणि पटवायलाही जात नाही. मला एवढंच माहीत आहे की खिडकी ते दरवाजा दहा पावलं होती, आणि तो मुलगा वळला नाही. त्या दहा पावलांत मला जे दिसलं ते गाभाऱ्यासमोरच्या अर्ध्या सेकंदात कधी दिसलेलं नाही. (तिथे तसंही 'पुढे चला, पुढे चला' चालू असतं.)

तेव्हापासून ते तीन शब्द कानाला लागतात. परवा लेडीज डब्यात एक बाई दुसरीच्या पोराला मांडीवर घेताना म्हणाली, "बसलेच आहे तर दे इकडे." मी उगाच खिडकीबाहेर बघत राहिले. मीही एकदा मोठ्या उत्साहाने रक्त द्यायला गेले होते. हिमोग्लोबिन ११, निदान साडेबारा लागतं. डॉक्टरांनी बीट-खजूर सांगून परत पाठवलं. देवाची योजना असली तरी त्यात माझी भरती झालेली नाही!

दादा पुढे दीड वर्ष होता. मग गेला. म्हणजे हिशेब इथेही लागला नाहीच.

पण त्या दीड वर्षात फोनवर तो दर वेळी एकदा तरी विचारायचा, "काय गं, तो पोरगा त्या दिवशी घरी कसा पोचला असेल? अंबरनाथ काय जवळ आहे?" विसर्जनाला रात्रभर जादा गाड्या असतात रे, मी म्हणायचे.

तो दुपारीच गेला होता हे त्यालाही माहीत होतं.