‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीत एवढी ताकद नाही

गेल्या आठवड्यात एकच मजकूर मला तिघांनी पाठवला. त्याचा दावा असा: बिलावर ही ओळ छापलेली असेल तर ग्राहकाचे हात बांधले गेले, दुकानदार तोंडाने काय बोलला त्याला किंमत नाही, वस्तू घरी नेली म्हणजे ती पसंत केली, आणि बियाणं उगवलं नाही तरी नमुना राखून न ठेवणाऱ्या शेतकऱ्याला दाद मागता येत नाही. चारही मुद्दे चुकीचे आहेत. ते वाचून माणसं हक्काचे पैसे सोडून देतात, म्हणून हे लिहितो आहे.

छापील ओळीपासून सुरुवात करू. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम ६२ सांगतं की दोघांच्या करारातून कायद्याने गृहीत धरलेल्या जबाबदाऱ्या वगळता येतात. मजकूर खरा वाटतो तो यामुळेच. पण त्यासाठी करार दोघांचा लागतो. बिल बहुतेक वेळा हातात पडतं ते पैसे मोजल्यावर, म्हणजे सौदा पुरा झाल्यावर, आणि तेव्हा एकाने छापून दिलेली नवी अट दुसऱ्यावर आपोआप लागू होत नाही. शिवाय २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहेच. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. शब्द ‘सदोष’ आहे, हे मात्र विसरू नका. साडीचा रंग घरी आल्यावर आवडला नाही, तर दुकानात जाऊन परत करण्याचा हक्क हा कायदा देत नाही. तिथे दुकानदाराची मर्जी चालते.

तोंडी बोलण्याला किंमत नाही, हा दावा मला सगळ्यांत घातक वाटतो. माल विक्री कायद्याच्याच कलम ५ प्रमाणे विक्रीचा करार तोंडीही होतो. कलम १६ त्याहून पुढे जातं. ‘विहीर ऐंशी फूट खोल आहे, पाणी गच्चीवरच्या टाकीत चढायला हवं, कोणती मोटर घेऊ?’ असं तुम्ही विचारलंत आणि मोटारी विकणाऱ्याने एक निवडून दिली, तर ती त्या कामाला योग्य असणं ही न लिहिलेली अट ठरते. उपयोग उघडच असेल तर तो सांगावाही लागत नाही. १९०३ च्या एका इंग्लिश खटल्यात गरम पाण्याची पिशवी फुटून विकत घेणाऱ्याची पत्नी भाजली होती. अशा पिशवीचा उपयोग वेगळा सांगायची गरज नाही, असं ठरलं. मात्र तुम्ही स्वतःच ‘अमुक कंपनीचीच द्या’ असं नाव घेऊन मागितलंत, तर कामाला योग्य असण्याची ही अट सुटते. तरी वस्तू मुळात धड असलीच पाहिजे, ही अपेक्षा उरते.

घरी नेली म्हणजे पसंत केली, हेही खरं नाही. आधी न पाहिलेला माल तपासायची वाजवी संधी कलम ४१ देतं. पण वाजवी मुदत उलटेपर्यंत काही न कळवता वस्तू ठेवून घेतलीत, तर कलम ४२ प्रमाणे ती स्वीकारली असं धरतात. म्हणून दोष दिसताच लेखी कळवा, मेसेजसुद्धा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. नाकारलेला माल उचलून दुकानात नेऊन देण्याचं बंधन तुमच्यावर नाही. कलम ४३ प्रमाणे नकार कळवणं पुरतं.

बियाण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच निकाली काढला, राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात. बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे, आणि त्याने आणलेलं सगळं बी पेरायचं असतं, तपासणीसाठी त्यातलं बाजूला ठेवावं अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तरीही पिशवी, लेबल आणि पावती जपून ठेवा, शेताची पाहणी करून पंचनामा व्हावा म्हणून कृषी कार्यालयात लगेच अर्ज द्या. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते, आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.