एसटी, स्कूटी आणि गप्प बसलेला वर्ग

75 टक्के हजेरीचा धाक दाखवून पोरांना वर्गात आणता येतं. आणल्यावर त्यांना करायला काय देतो आपण? फळ्यावरचं वहीत उतरवायला? ते काम मोबाईलचा कॅमेरा जास्त बरं करतो. त्यामुळे ‘आजकालची पोरं लक्षच देत नाहीत’ हे स्टाफरूममधलं लाडकं वाक्य मला अर्धंच खरं वाटतं.

मी बी.एस्सी.ला फिजिक्स शिकवतो. न्यूटनचा तिसरा नियम अख्ख्या वर्गाला पाठ असतो, झोपेतून उठवून विचारा. मग मी फळ्यावर लिहितो: एसटी आणि स्कूटी समोरासमोर धडकल्या, जास्त बल कुणी कुणावर लावलं? एक, एसटीने स्कूटीवर. दोन, स्कूटीने एसटीवर. तीन, दोघींनी सारखंच. दोन मिनिटं कुणाशी बोलायचं नाही, उत्तर वहीत लिहायचं. मग सगळ्यांनी एकदम बोटं दाखवायची, हात छातीशी धरून, म्हणजे हुशार पोराकडे बघून बोट बदलता येत नाही.

बरीच बोटं एसटीच्या बाजूने असतात. आता उत्तर सांगायचं नाही (आपली जीभ इथेच वळवळते!). वेगळं उत्तर दिलेला शेजारी शोधा आणि त्याला पटवा, एवढंच सांगायचं. वर्गात जो कालवा होतो तो मराठीत होतो, आणि होऊ द्यावा. “अरे, स्कूटीचा चुराडा झाला ना!” “झाला, कारण तिचं वस्तुमान कमी, म्हणून त्वरण जास्त. बल तेवढंच.” कालपर्यंत स्वतः अडलेल्या पोराला दुसरा कुठे अडलाय ते माझ्यापेक्षा लवकर दिसतं. मग पुन्हा बोटं, आणि त्यानंतर माझं बोलणं.

ही युक्ती माझी नाही. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझुर 1991 पासून हे करत आलेत. त्यांचा ठोकताळा असा: पहिल्या फेरीत साधारण 30 ते 70 टक्के उत्तरं बरोबर आली तर चर्चा करायची. त्याहून कमी आली तर पुन्हा समजवा, जास्त आली तर पुढे चला.

“हार्वर्डला ठीक आहे हो, आमच्याकडे एका वर्गात शंभर-सव्वाशे पोरं!” मग पवईचं उदाहरण घ्या. आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गात साडेचारशेच्या आसपास मुलं होती. आधी एकट्याने विचार, मग जोडीने, मग सगळ्यांसमोर, अशी पद्धत तिथे वापरली. 2013 साली छापून आलेल्या अभ्यासात सरासरी 83 टक्के मुलं कामात गुंतलेली दिसली. त्यासाठी स्मार्ट बोर्ड लागत नाही. (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या फोटोंसाठी लागतो, तो विषय वेगळा.)

पोरं सुरुवातीला कुरकुरतात, “सर, तुम्हीच शिकवा ना.” हार्वर्डमध्येच 2019 साली दिसलं की अशा वर्गात मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. सुरेख लेक्चर ऐकलं की सगळं समजल्याचा भास होतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात हे त्यांना सरळ सांगून टाकावं. आणि पटत नसेल तर 2014 चा आकडा दाखवावा: विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र केले, तेव्हा नापासांचं प्रमाण नुसत्या लेक्चरमध्ये 33.8 टक्के होतं, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात 21.8.

राहिला पोर्शन. एका तासाला असे दोनच प्रश्न बसतात, त्यामुळे पुस्तकात नीट दिलेली सिद्धता मी फळ्यावर पुन्हा करत नाही, घरून वाचून या म्हणतो. सगळे वाचत नाहीत. पण चर्चेत शेजाऱ्यासमोर फजिती होते, त्याचा परिणाम माझ्या ओरडण्यापेक्षा जास्त होतो. या बोटांना गुण मात्र कधीही देऊ नका, नाहीतर लगेच कॉपी सुरू.

कॉमर्सवाल्यांनी उद्या हे विचारून बघा: घसारा (यंत्रं-इमारतींची वापरामुळे घटलेली किंमत, जी हिशेबात खर्च म्हणून धरतात) जास्त दाखवला तर कंपनीच्या तिजोरीतली रोकड कमी होते का? हो, नाही, की उलट वाढू शकते? कुणी आपणहून कराचा मुद्दा काढला, तर त्या पोराला माझ्यातर्फे चहा.