घरखर्चाचा हिशेब कधीही मिटू नये यासाठी

नवरा-बायको दोघेही कमावते असले की पैशावरून भांडणे होत नाहीत, असा एक भाबडा समज अजूनही शिल्लक आहे. वास्तविक एकाच पगारावर चालणाऱ्या घरात भांडणाला फारसा वावच नसतो. वीस तारखेला पैसा संपतो आणि त्याच्याबरोबर विषयही संपतो. दोन पगार, चार बँक खाती, दोन क्रेडिट कार्डे आणि नागपुरात बेसा किंवा मनीषनगरात कर्जावर घेतलेला टू बीएचके एवढी सामग्री हाताशी असेल, तरच या कलेला खरा बहर येतो. ती आपल्याकडे असल्यास पुढील सूचनांचा अवश्य लाभ घ्यावा.

सर्वप्रथम खर्चाच्या वाटणीचे तत्त्व ठरवावे आणि ते ठरवण्यापूर्वी आपला पगार जोडीदारापेक्षा जास्त आहे की कमी, एवढे पाहून घ्यावे. समजा, मिहानमधल्या नोकरीत पतीला ८०,००० रुपये मिळतात, पत्नीला ४५,००० मिळतात आणि घरखर्च ५०,००० आहे. निम्मेनिम्मे केले तर पतीकडे ५५,००० उरतात आणि पत्नीकडे २०,०००. उत्पन्नाच्या प्रमाणात केले तर पती ३२,००० भरतो, पत्नी १८,००० भरते, आणि हाती अनुक्रमे ४८,००० व २७,००० राहतात. तेव्हा जास्त पगारवाल्याने स्त्रीपुरुष समानतेवर पोटतिडकीने बोलावे आणि कमी पगारवाल्याने सामाजिक न्यायावर. पुढे पगारांचे पारडे फिरले की तत्त्वेही अदलाबदल करून घ्यावीत. ती दोन्ही मजबूत असतात, वापरल्याने झिजत नाहीत. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि मोलकरीण न आलेल्या दिवसाची भांडी मात्र कोणत्याही वाटणीत धरू नयेत, कारण त्यांची पावती मिळत नाही.

यानंतर कोणता खर्च कोणाच्या खात्यातून जाईल, हे ठरवायचे असते. येथे घाई करू नये, कारण सगळी गंमत येथेच आहे. गृहकर्जाचा हप्ता पतीच्या खात्यातून जावा आणि किराणा, दूध, भाजी, गॅस, शाळेची व्हॅन हे सारे पत्नीने भरावे. दोघांचे आकडे जवळपास सारखे ठेवावेत, म्हणजे कोणालाच तक्रारीला जागा राहत नाही. वीस वर्षांनी एकाच्या नावावर फ्लॅट असतो आणि दुसऱ्याने वीस वर्षांची तूरडाळ खाऊ घातलेली असते, जिला पुनर्विक्रीमूल्य नाही. लग्न झाले म्हणून मालमत्ता आपोआप दोघांची होते, असे आपल्या महाराष्ट्रात नसते. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे ती सर्वसाधारणपणे तशी होते, म्हणून मधुचंद्रासाठी गोव्याला खुशाल जावे, परंतु तेथील कायद्याची चौकशी करत बसू नये. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर आपल्याकडे मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे साठ लाखांच्या फ्लॅटमागे ६०,००० रुपये वाचतात. हे ६०,००० सरकारला हसतमुखाने द्यावेत आणि त्याच आठवड्यात कॉटन मार्केटात मेथीच्या जुडीवर पाच रुपये जास्त दिल्याबद्दल पत्नीला व्यवहारज्ञान शिकवावे.

उन्हाळा हा नागपूरकर दांपत्यांसाठी खास राखीव ऋतू आहे. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिल्या १०० युनिटांना एक, तेथून ३०० पर्यंत त्याहून जास्त, ५०० पर्यंत आणखी जास्त, आणि पुढचे न विचारलेले बरे. मे महिन्यात, त्यातही नवतपा म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस लागले की, पारा पंचेचाळीसच्या आसपास घुटमळतो आणि घरात हॉलमध्ये कूलर व बेडरूममध्ये एसी असे दोन पक्ष स्थापन होतात. जूनमध्ये बिल हातात पडले की पाचशेचा टप्पा नेमका कोणाच्या युनिटने ओलांडला, हा प्रश्न उपस्थित करावा.

“अहो, कूलर दिवसभर तुमच्या आईंसाठीच चालू असतो.”

“आणि रात्री एसी अठरावर कोण ठेवतं?”

“अठरावर ठेवून वरून पांघरूण घेतं कोण, ते सांगा आधी.”

मीटर फक्त बेरीज जाणतो, त्याला माणसे ओळखता येत नाहीत. त्यामुळे या प्रश्नाला उत्तर नाही, आणि म्हणूनच तो दरवर्षी नव्यासारखा वापरता येतो. कूलरमध्ये नव्या खसच्या ताट्या बसवायच्या असतील तर तो खर्च सामायिक की सासूबाईंचा, हा उपप्रश्नही सोबत ठेवावा. दोन्ही यंत्रे मिळून किती तास चालवायची, हे एप्रिलमध्येच ठरवणारी काही घरे असतात म्हणे. त्यांचा उन्हाळा फार कंटाळवाणा जात असणार.

वर्षातून एकदाच येणारे खर्च मासिक अंदाजपत्रकात कधीही धरू नयेत. कळमन्याहून वर्षभराचे गहू भरणे, भिवापुरी मिरची आणून तिखट कुटून घेणे, शाळेची फी, गाडीचा विमा, सोसायटीचा मेंटेनन्स हे सगळे दरवर्षी त्याच सुमारास येते आणि तरीही दरवर्षी ‘अचानक’ येते. वर्षाच्या बेरजेला बाराने भागून तेवढी रक्कम दरमहा वेगळी ठेवली तर हा अचानकपणा नाहीसा होतो आणि मार्च महिन्याची रयाच जाते.

आहेराच्या बाबतीत नियम सोपा आहे. आपल्याकडच्या लग्नातला आहेर हा कुटुंबाचा मान असतो, म्हणून तो सामायिक खर्चात जातो. जोडीदाराकडच्या लग्नातला आहेर ही ज्याची त्याची हौस असते. दोघांनीही हा नियम एकाच वेळी पाळावा.

डिजिटल व्यवहारांनी तर फार मोठी सोय केली आहे. यूपीआयमध्ये आता ‘सर्कल’ नावाची सुविधा आहे. तिच्या एका प्रकारात दुसऱ्याला आपल्या खात्यातून महिन्याला कमाल १५,००० रुपये खर्चण्याची मुभा देता येते, आणि दुसऱ्या प्रकारात प्रत्येक व्यवहाराला मुख्य खातेदाराने स्वतःचा पिन टाकून मंजुरी द्यावी लागते. हा दुसरा प्रकार निवडावा. पत्नी गोकुळपेठच्या भाजीबाजारात कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन उभी आहे, भाजीवाल्या मावशी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या आहेत, आणि पतिराज हिंगण्याच्या कारखान्यात मीटिंगमध्ये असल्याने दहा रुपयांची विनंती प्रलंबित आहे. घरातील आर्थिक पारदर्शकता याहून वेगळी काय असते?

पत्नीच्या भिशीची थट्टा करायला विसरू नये. बारा बायका, दरमहा दोन-दोन हजार, व्याज शून्य आणि वर खिचडी-कढीचा खर्च. यात कसले आले अर्थशास्त्र? भिशीची सूत्रधार बाई पैसे घेऊन पसार झाली तर काय, असेही विचारावे, आणि हा प्रश्न तेवढा खरोखरच रास्त आहे. मात्र हे सांगताना आपल्या मोबाइलवरील शेअर बाजारातल्या ऑप्शन्सच्या सौद्यांचा पडदा खाली करून ठेवावा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार वायदेबाजारातील दहापैकी नऊहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांनी मागच्या तीन वर्षांत पैसे घालवले होते, परंतु आपण दहावे आहोत याविषयी मनात शंका ठेवू नये. तोटा झालाच तर तो ‘दीर्घकालीन गुंतवणूक’ या मथळ्याखाली मांडावा. फ्रिज ‘बिनव्याजी’ हप्त्यांवर घेतला असेल तर त्यावरही बोलू नये. तेथे व्याज लावून तेवढीच सवलत दिलेली असते आणि त्या व्याजावर बँक १८ टक्के जीएसटी लावून मोकळी होते, हे कार्डाच्या विवरणात बारीक अक्षरांत असते आणि ते विवरण कोणीच उघडत नाही.

आता राहिले नॉमिनीचे. पहिल्या नोकरीच्या वेळी पीएफच्या अर्जावर आईचे नाव लिहिले असेल, तर लग्नानंतर ते नामांकन कायद्याने बाद होते आणि पुन्हा भरावे लागते. म्हणून ते भरू नये. बँकेतले आणि विम्यातले जुने नाव आपोआप बदलत नाही, त्यामुळे तेथे काही न करणेच पुरेसे आहे. कोणत्या खात्यात किती आहे, पॉलिसी कोणत्या कपाटात आहे आणि फोनचा पासवर्ड काय, हे विचारणाऱ्या जोडीदाराला “मी काय आजच मरतो आहे का?” असे म्हणून गप्प करावे.

एवढे करूनही एखाद्या रविवारी जोडीदार वही घेऊन समोर बसला आणि “एकदा सगळं नीट मांडून बघू या” म्हणाला, तर त्याला दुखवू नये. मार्च संपू दे म्हणावे. एप्रिल-मे उन्हात जातो, जूनमध्ये शाळा उघडते, मग पोळा, मारबत, गणपती आणि महालक्ष्म्या ओळीने येतात, आणि घरात पाहुणे असताना असले विषय काढणे बरे दिसत नाही. दिवाळीनंतर नक्की बसू, असे सांगावे.