आधी शिंपी गाठा

कबड्डी संघाचे मॅनेजर होऊ घातलेल्या बंधूंनो, नियमांचं पुस्तक पाठ करत बसू नका. आधी शिंपी गाठा. हे शहाणपण मला गेल्या मे महिन्यात, तळकोकणातल्या एका रात्रीच्या स्पर्धेत, एका गुणाच्या मोबदल्यात मिळालं. तुम्हाला फुकट देतोय.

ब्लेझर हवाच. गडद निळा, खिशावर सोनेरी बोधचिन्ह. आठचा सामना भाषणं आणि शाल-श्रीफळं उरकून साडेअकराला लागतो, तेव्हाही अंगाची चिकचिक जात नाही, माडाचं झावळं हलत नाही. हलू दे नाहीतर नको. आतला शर्ट पिळून बादली भरली तरी ब्लेझर काढायचा नाही. काढलात की तुम्ही प्रेक्षक.

बोधचिन्ह कशाचं, ते कोणी विचारत नाही.

परदेशातले दाखले तयार ठेवा. इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे तेव्हाचे मॅनेजर गॅरेथ साउथगेट २०१८च्या विश्वचषकात वास्कुट घालून उभे राहिले. संघ उपांत्य फेरीत गेला आणि तिकडच्या दुकानांत वास्कुटं खपली. त्याच संघाचे स्टीव्ह मॅक्लारेन २००७ साली वेम्बलीवर पावसात छत्री धरून उभे होते. क्रोएशियाने ३-२ हरवलं, युरो स्पर्धेची पात्रता हुकली, दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. गोल खाल्ले संघाने, बदनाम झाली छत्री. आमच्याकडे जूनमध्ये माणूस छत्रीशिवाय परसातसुद्धा जात नाही. असो, तुम्ही भिजा.

बेसबॉलमधले कॉनी मॅक १९०१ ते १९५० अशी ५० वर्षं फिलाडेल्फियाच्या संघाचे मॅनेजर होते, तेही सूट-टायमध्ये. पाच वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिकडचं अजिंक्यपद, जिंकले, १७ वेळा तळाला गेले. सूट दोन्ही वेळा कडक इस्त्रीचा. हा दाखला ब्लेझरवाल्यांना सांगू नका.

बूट चकचकीत. सबब मैदानापासून लांब.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, खेळाडूला आपल्या अंगाला लागू देऊ नका. मी इथेच चुकलो. पहिल्या डावात आमच्या पोराचा गुडघा सोलवटला. त्याला खांद्याचा आधार देऊन बाहेर आणला, पाण्याने धुतला, बर्फ लावला. त्याचा लाल मातीचा अख्खा पंजा माझ्या पांढऱ्या शर्टावर उमटला. पायात रबरी चपला. शेवटच्या दोन मिनिटांत आमचा चढाईवाला बोनस रेषेपलीकडे पाय टाकून, मागचा पाय हवेत ठेवून परत आला. समोर सहा जण होते, म्हणजे बोनसचा एक गुण हक्काचा. पंचांनी बोनस दिला नाही. मी गुणलेखकांच्या टेबलाकडे धावलो.

"ओ पाणीवाले, आत येऊ नका. तुमच्या मॅनेजरला पाठवा."

"मीच मॅनेजर."

टेबलावरच्या साहेबांनी माझ्या चपलांकडे बघितलं. "ओळखपत्र?"

ओळखपत्र होतं. घामाने त्यावरची शाई फुटली होती. ते उजेडात धरून वाचेपर्यंत पुढची चढाई सुरू झाली आणि विषय संपला. एका गुणाने हरलो.

समोरच्या संघाचे मॅनेजर ब्लेझरमध्ये होते. त्यांना खुर्ची, पंखा, कोकम सरबत. समोरचा अख्खा संघ बाद केला की लोणाचे जादा गुण मिळतात. मध्यंतरात त्यांनीच मला हळूच विचारलं होतं, "लोण म्हणजे किती हो, दोन ना?" दोनच, साहेब. घ्या सरबत.

आता आमच्या मंडळातही टूम निघालीय, वर्गणीतून मॅनेजरला ब्लेझर शिवूया. कशाला? पोरं एक नी-कॅप दोघांत वाटून खेळतात, ते दिसत नाही कुणाला? आणि टेबलावर बसणाऱ्यांनो, प्रवेश अर्ज मी भरला होता. पोरांची वजनं मी करून आणली होती. खेळाडूंच्या यादीखाली मॅनेजर म्हणून माझी सही होती, आणि ती यादी तुमच्या कोपराखाली पडली होती. उचलून बघायला हात मोडले होते? चढाईवाला पोरगा तीन महिने तेवढ्या एका पायासाठी पहाटे उठत होता. त्याचा गुण तुम्ही माझ्या चपलांवर कापलात. लाजा वाटू द्या जरा.

शर्ट घरी दोनदा भिजत घातला. पंजा गेला नाही. पुढच्या वर्षी तोच घालून येतोय, अडवून दाखवा.