‘तीस सेकंदांत सुटलं तरच मूल हुशार’: त्या मेसेजमधल्या दाव्यांचा हिशेब

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. शब्द बदलतात, दावे तेच राहतात. मुलाला रोज वीस कोडी द्या. मोबाइलवर वेळ लावा. तीस सेकंदांत सुटलं तरच मूल हुशार. सोबत जोडलेलं कोडं ‘फक्त १ टक्का लोकांनाच’ सुटतं. झटपट गणिताच्या युक्त्या पाठ करून घ्या. अडलं तर लगेच उत्तर दाखवा, नाहीतर आत्मविश्वास खचतो. आणि ज्याचं गणित कच्चं आहे त्याला कोडी देऊच नका, आधी पुस्तक पुरं होऊ द्या.

पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण यातला एकही दावा जसाच्या तसा टिकत नाही आणि काही तर मुलाला चुकीचं गणित शिकवतात.

‘तीस सेकंदांत सुटलं तरच हुशार’

एक बॅट आणि एक चेंडू मिळून ११० रुपयांना. बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग. चेंडू केवढ्याला? पाच सेकंदांत येणारं उत्तर १० रुपये, आणि ते चूक आहे. चेंडू १० चा असेल तर बॅट ११० ची होते आणि एकूण १२० होतात. बरोबर उत्तर ५ रुपये. अमेरिकी संशोधक शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये अशाच तीन प्रश्नांची चाचणी मांडली होती. पहिलं सुचलेलं उत्तर माणूस थांबून तपासतो का, हेच तिला पाहायचं होतं. डोक्यावर घड्याळ टांगलं की ही तपासणीच आधी गळते.

आता खऱ्या परीक्षा किती वेळ देतात ते पाहा. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेत ७५ प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. तिथे वेग लागतो हे खरं. पण गणित ऑलिम्पियाडची शिडी चढू लागलं की चित्र पालटतं. पहिल्या पायरीवर, म्हणजे आयओक्यूएम या पात्रता परीक्षेत, ३० प्रश्नांना ३ तास, म्हणजे प्रश्नाला ६ मिनिटं. त्यापुढच्या प्रादेशिक फेरीत ६ प्रश्नांना ३ तास, म्हणजे अर्धा तास. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये दोन दिवस, रोज साडेचार तास आणि फक्त तीन प्रश्न, म्हणजे एकाला दीड तास. जसजसं गणित खोल जातं तसतसा एका प्रश्नाचा वेळ वाढतो. (‘ऑलिम्पियाड’ नाव लावलेल्या खासगी बहुपर्यायी परीक्षा या शिडीचा भाग नाहीत. हा गोंधळ बऱ्याच घरांत असतो.)

वेगाला जागा आहे, पण ती पाढ्यांमध्ये. सात आठे छप्पन्न म्हणायला थांबावं लागत असेल तर कोड्यातल्या विचाराचा धागा तुटतो. म्हणून पाढे घड्याळ लावून घ्या, कोडी घड्याळ काढून. पाचवी-सहावीच्या मुलाला एका कोड्यासाठी वीस-पंचवीस मिनिटं सलग बसता आलं तर ते उत्तम आहे, मग कोडं सुटो वा न सुटो.

‘हे कोडं फक्त १ टक्का लोकांना सुटतं’

सोबतचं कोडं बहुतेकांनी पाहिलेलं असेल: १ + ४ = ५, २ + ५ = १२, ३ + ६ = २१, तर ८ + ११ = ? खाली भांडण ठरलेलं. एक गट म्हणतो ४०: मागच्या ओळीचं उत्तर पुढच्या बेरजेत मिळवायचं, २१ + ८ + ११. दुसरा गट म्हणतो ९६: पहिली संख्या अधिक दोन्हींचा गुणाकार, ८ + ८८. गंमत अशी की पहिल्या गटाचाच नियम घेऊन मधल्या गाळलेल्या ओळी भरल्या तर ३२, ४५, ६०, ७७ आणि मग ९६ येतात. म्हणजे भांडण बुद्धीचं नाहीच. ओळी गाळल्या आहेत की नाहीत हे कोडं सांगत नाही, एवढंच. आणि तो १ टक्का कुणी, कुठे मोजला, हे कुठल्याच मेसेजमध्ये नसतं.

अडचण याहून मोठी आहे. २, ४, ६, ८ यांच्यापुढे काय? १० म्हणाल. पण २न + (न−१)(न−२)(न−३)(न−४) हे सूत्र घ्या; न म्हणजे मालिकेतली कितवी जागा. न च्या जागी १, २, ३, ४ ठेवले की कुठला ना कुठला कंस शून्य होतो आणि २, ४, ६, ८ च येतात; ५ ठेवला की १० + २४ = ३४. त्या गुणाकाराला योग्य संख्येने गुणलं तर पाचव्या जागी हवी ती संख्या आणता येते. चार संख्या दिल्याने पाचवी ठरत नाही. ती नियमाने ठरते, आणि नियम तर दिलेलाच नसतो. बुद्धिमत्ता चाचणीत ‘सर्वांत साधा नियम शोधा’ असा अलिखित करार असतो. मुलाने तो करार पाळावा, पण तो करार आहे हे त्याला माहीत असावं.

हे पटवायला वर्तुळ आणि पेन्सिल पुरते. सहा-सात सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. परिघावर बिंदू घेऊन ते सरळ रेषांनी जोडले की वर्तुळाचे किती भाग होतात ते मोजा. एक बिंदू: भाग १. दोन बिंदू जोडले: भाग २. तीन बिंदू, सगळे एकमेकांना जोडून: ४. चार बिंदू: ८. पाच: १६. आता सहा बिंदूंना किती? वर्गातले जवळजवळ सगळे हात ३२ साठी वर जातात. मोजल्यावर ३१ निघतात. इथे एक चूक हमखास होते. मुलं सहा बिंदू सारख्या अंतरावर घेतात, मग तीन लांब जीवा मध्यभागी एकाच ठिकाणी छेदतात, तिथला चिमुकला त्रिकोण नाहीसा होतो आणि मोजणी ३० येते. बिंदू मुद्दाम वाकडेतिकडे घ्यायला सांगा आणि मोजलेल्या भागावर लगेच आकडा लिहायला लावा, नाहीतर एकच भाग दोनदा मोजला जातो. चार वेळा दुप्पट झालं म्हणून पाचव्यांदाही होईलच असं नाही, हा धडा या एका आकृतीत मिळतो. शंभर मालिका सोडवून तो मिळत नाही.

याच जातीचं दुसरं कोडं ८ ÷ २(२+२), जे २०१९ मध्ये जगभर गाजलं. कुणी १६ म्हणतं, कुणी १. आपल्याकडे ‘कंचेभागुबेव’ (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) शिकलेल्यांत भांडण ‘चे’वर येतं. २(२+२) हे ‘२ चे ४’ असं वाचलं तर ते भागाकाराच्या आधी होतं आणि उत्तर १. साधा गुणाकार मानला तर डावीकडून उजवीकडे जाऊन १६. गणित करणारा माणूस असं लिहितच नाही. तो अपूर्णांकाची आडवी रेघ ओढतो किंवा आणखी एक कंस घालतो. मुलाला याचं उत्तर विचारण्याऐवजी ‘दोन अर्थ निघणार नाहीत असं लिहून दाखव’ असं सांगा. ‘कंचेभागुबेव’मधला खरा खड्डा वेगळाच आहे. बेरीज आधी येते म्हणून मुलं १० − ४ + ३ मध्ये आधी ४ + ३ करतात आणि उत्तर ३ काढतात. बरोबर उत्तर ९. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर आहेत, त्या डावीकडून क्रमाने करायच्या.

‘युक्त्या पाठ करा, गणित आपोआप येईल’

सगळ्यात लाडकी युक्ती: ९७ × ९६. शंभराला कमी किती? ३ आणि ४. ९७ − ४ = ९३, ३ × ४ = १२, उत्तर ९३१२. बरोबर आहे, सुंदरही आहे. आता पाठ केलेल्या मुलाला ९८ × ९७ द्या. ९५ आणि ६, म्हणून तो ९५६ लिहितो, हवं ९५०६. ८८ × ८७ द्या. ७५ आणि १५६ आले की तो ७५१५६ लिहितो. हवं ७६५६, कारण १५६ मधला १ शतकांत जायला हवा. आणि ४८ × ५३ ला हीच युक्ती लावली तर आधी ५२ × ४७ करावं लागतं. मूळ गणित काय वाईट होतं?

या तिन्ही चुका एकाच ठिकाणाहून येतात: युक्ती का चालते ते माहीत नाही. (१०० − क)(१०० − ख) = १००(१०० − क − ख) + कख, एवढंच आहे ते. कख ला दोन घरं आहेत, म्हणून ६ चे ०६ होतात आणि १५६ मधला १ पुढे सरकतो. आठवीच्या मुलाला हा विस्तार स्वतः करता येतो. सहावीच्या मुलाला आलेखाच्या कागदावर १०० × १०० चा चौरस दाखवा. एका बाजूने ३ घरांची पट्टी कापा, दुसऱ्या बाजूने ४ घरांची. कोपऱ्यातली ३ × ४ घरं दोन्ही पट्ट्यांत मोजली गेली, म्हणजे दोनदा वजा झाली, म्हणून १२ परत मिळवायचे. हे कळल्यावर युक्ती पाठ करायची गरज राहत नाही आणि ती कुठे वापरू नये हेही कळतं. युक्तीला ‘वैदिक’ म्हणा की आणखी काही, खालचं बीजगणित तेच.

‘अडलं तर लगेच उत्तर दाखवा’

इथे खरं नुकसान होतं. उत्तर दाखवलं की कोडं संपतं, आणि कोड्याचा उपयोग तर अडलेल्या वेळातच असतो. एक उदाहरण पूर्ण घेऊ.

८ × ८ चा पट, एकाच कर्णावरची, समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन घरं कापलेली. उरली ६२ घरं. दोन घरांच्या ३१ पट्ट्यांनी हा पट पूर्ण झाकता येईल का? साहित्य: २ सेंटिमीटरच्या घरांचा कागदी पट आणि पुठ्ठ्याच्या ४ × २ सेंटिमीटरच्या ३१ पट्ट्या. पट कोरा ठेवा. बुद्धिबळाचा काळा-पांढरा पट दिला तर उत्तरच हातात दिल्यासारखं आहे, आणि मोठी माणसं नेमकं तेच करतात.

पहिली दहा मिनिटं काही बोलू नका. मुलं पट्ट्या लावतात, शेवटी दोन घरं उरतात आणि ती शेजारी नसतात. पुन्हा लावतात, पुन्हा तेच. ‘जमतच नाही’ असं आलं की पहिली मदत: लहान पट घे. ४ × ४ चे दोन कोपरे काढले तर १४ घरं आणि ७ पट्ट्या. इथेही जमत नाही आणि प्रयोग दोन मिनिटांत होतो. दुसरी मदत, तीही थांबून: दर वेळी उरलेल्या दोन घरांवर खूण करत जा, त्यांच्यात काही सारखं दिसतं का? तिसरी: आता पट बुद्धिबळासारखा रंगव. बहुतेकांना इथे लख्ख दिसतं. प्रत्येक पट्टी एक काळं, एक पांढरं घर झाकते. कापलेले दोन्ही कोपरे एकाच रंगाचे, म्हणून ३२ आणि ३० घरं उरली. ३१ पट्ट्यांना ३१-३१ हवीत. जमणं शक्य नाही.

मुलाने ‘मला जमलं नाही’वरून ‘कुणालाच जमणार नाही, आणि का ते मी सांगतो’ इथवर येणं ही शालेय वयातली फार मोठी उडी आहे. समजलं की नाही हे पाहायला ५ × ५ चा पट द्या. कोपरा काढला तर उरलेली २४ घरं झाकता येतात; कोपऱ्याशेजारचं घर काढलं तर २४ च उरतात, पण झाकता येत नाहीत. का ते मुलालाच सांगू द्या.

आत्मविश्वासाबद्दल एवढंच: तो खचतो ‘हे तर सोपं आहे’ या वाक्याने. ते टाळा.

‘रोज वीस कोडी’

वीस कोडी रोज सोडवणारं मूल कोडी ओळखायला शिकतं, सोडवायला नाही. त्यापेक्षा आठवड्याला एक कोडं घ्या आणि ते वाकवत जा. ३ आणि ५ लिटरच्या भांड्यांनी ४ लिटर मोजा. झालं? आता भांडी ६ आणि ९ लिटरची, तरी ४ लिटर हवेत. कितीही ओतलं तरी भांड्यात ३ च्या पटीतच पाणी येतं, म्हणून अशक्य. मग मुलानेच अशी दोन भांडी सुचवावीत ज्यांनी ४ मोजता येतील आणि अशी दोन ज्यांनी येणार नाहीत.

‘कच्च्या मुलाला कोडी नकोत’

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी शोधून काढलेली ६१७४ ही संख्या यावर उत्तम उतारा आहे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ पासून: ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत प्रत्येक संख्या इथेच येते आणि इथेच थांबते.

हातच्याची वजाबाकी कच्ची असलेल्या मुलाला वहीभर उदाहरणं देण्यापेक्षा हे द्या. सराव तोच होतो, आणि चूक कळवायला शिक्षक लागत नाहीत: प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जायलाच हवा, आणि अंकांची बेरीज १८ किंवा २७ यावी. नाही आली तर हातचा चुकलाय. एका जागी मात्र लक्ष ठेवा. २१११ घेतलं की २१११ − १११२ = ९९९ येतं. मूल ते तीन अंकी समजून ९९९ − ९९९ = ० करतं आणि ‘चुकीचं आहे हे’ म्हणतं. ते ०९९९ लिहायचं: ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, ८५३२, ६१७४.

पुढची पायरी तीन अंकांची. तिथे मुक्काम ४९५, आणि हे पाचवी-सहावीतल्या मुलाला पूर्ण सिद्ध करता येतं. पहिल्या वजाबाकीचं उत्तर नेहमी सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतल्या फरकाच्या ९९ पट असतं, म्हणजे ०९९, १९८, २९७ पासून ८९१ पर्यंत फक्त नऊ शक्यता. नऊ मुलांना एकेक वाटून द्या. सगळे ४९५ ला आले की सिद्धता झाली. दोन अंकी संख्यांत असा एक मुक्काम नाही: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९. हे मुलांना आधी सांगू नका.