बावीस जिल्हे मंजूर केले कुणी?

२६ जानेवारी किंवा १ मे जवळ आला की तो मेसेज पुन्हा ग्रुपवर येतो. महाराष्ट्रात २२ नवे जिल्हे मंजूर, आता एकूण ५८ जिल्हे. खाली यादी आणि त्याखाली तिरंग्यांची रांग. कधी आकडा २१ होतो, कधी तारीख १५ ऑगस्ट होते. यादी मात्र वर्षानुवर्षं जवळपास तीच. हल्ली तिच्या शेपटीला दावेही जोडलेले असतात: जिल्हा लहान झाला की विकास होतो, आमदार-खासदार वाढतात, तेलंगणाने करून दाखवलं, आणि गाडीला आपला स्वतःचा नंबर मिळतो. मेसेज खोटा आहे एवढं सांगून भागत नाही, कारण त्याच्या मागची मागणी खरी आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘जिल्हे मंजूर झाले’

जिल्हा करायला दिल्लीला जावं लागत नाही. घटनेचं तिसरं कलम राज्यांच्या निर्मितीचं आणि सीमांचं आहे. जिल्हा हा राज्य सरकारच्या हातातला विषय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ खाली सरकार राजपत्रात अधिसूचना काढतं आणि कोणत्या विभागात कोणते जिल्हे, कोणत्या जिल्ह्यात कोणते तालुके हे ठरवतं. पण थेट अंतिम अधिसूचना काढता येत नाही. आधी मसुदा प्रसिद्ध करायचा, लोकांच्या हरकती-सूचना घ्यायच्या, मग अंतिम. त्यात तालुक्यांची नावं असतात, अंमलाची तारीख असते. बावीसपैकी एकाही जिल्ह्याची अशी अंतिम अधिसूचना मेसेजवाला दाखवत नाही. दाखवणार कुठून?

राज्य झालं तेव्हा, १ मे १९६० ला, २६ जिल्हे होते. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ मध्ये लातूर आणि गडचिरोली, १९९० मध्ये मुंबई उपनगर, १९९८ मध्ये वाशीम आणि नंदुरबार, १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया, आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर. चोपन्न वर्षांत दहा. मेसेजवाला एका रात्रीत बावीस करतो. (छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही नावं नवी आहेत, जिल्हे जुनेच. काही याद्यांत तीही ‘नव्यां’त मोजलेली असतात.)

शिवाय मध्ये जनगणना आहे. जनगणनेआधी प्रशासकीय सीमा गोठवतात, नाहीतर मोजलेली माणसं कोणत्या खात्यात टाकायची हाच घोळ होईल. २०२७ च्या जनगणनेसाठी राज्यांना बदलाची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. त्यानंतर मोजणी उरकेपर्यंत जिल्हा, तालुका, गाव यांच्या हद्दींना हात लावता येत नाही. हे बंधन अर्थात तात्पुरतं आहे, आणि ते उठलं की मेसेजला नवं बळ येईल. म्हणून आता यादीकडेच बघायला हवं.

‘ही घ्या यादी’

नगरपासून सुरुवात करू. क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यांत मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरहून जास्त, १४ तालुके. त्याचं विभाजन व्हावं ही मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे. उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग करा, इथपर्यंत बहुतेकांचं एकमत असतं. घोडं अडतं ते मुख्यालयावर. शिर्डी, संगमनेर की श्रीरामपूर? तिन्ही गावं एकमेकांपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, आणि तिन्हींचा दावा जोरदार. मेसेजवाल्याने हा तंटा झटक्यात मिटवलाय. त्याने तिघांनाही जिल्हा देऊन टाकलाय! एकाच मागणीचे तीन पर्याय यादीत तीन जिल्हे म्हणून बसलेत.

तसंच माणदेशाचं. यादीत तो साताऱ्यातून निघतो. पण माणदेश म्हटलं की माण-खटावबरोबर आटपाडी आणि सांगोला आलेच; त्यातलं आटपाडी सांगलीत आणि सांगोला सोलापुरात. म्हणजे तीन जिल्ह्यांची हद्द बदलणार, मुख्यालय कुठे ते यादी सांगत नाही. शिवनेरीचंही तेच. कलेक्टर कचेरी गडावर नक्कीच नसणार. मग जुन्नर, मंचर की राजगुरुनगर? यातल्या एकेका प्रश्नावर मोर्चे निघतील, आणि यादीत मात्र नाव लिहून टिक केलेली आहे.

ही यादी कुणीतरी बसून रचली असंही नाही. वेगवेगळ्या भागांतून वेळोवेळी आलेल्या मागण्या आणि प्रस्ताव त्यात एकाखाली एक लिहिलेत. मालेगाव, उदगीर, अंबाजोगाई, पुसद, अचलपूर, चिमूर, अहेरी, किनवट… यातल्या प्रत्येक ठिकाणी कृती समित्या, बंद, निवेदनं असा इतिहास आहे. मागणी आणि मंजुरी यांच्यातलं अंतर मेसेजने पुसलं, एवढंच.

‘जिल्हा लहान झाला की विकास होतो’

हा दावा सगळ्यांत गोड, म्हणून सगळ्यांत जास्त तपासायला हवा.

नीती आयोगाचा आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. देशातले मागे पडलेले जिल्हे निवडून त्यांच्यावर लक्ष द्यायचं, असा तो कार्यक्रम. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात आहेत: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. पहिले तीन विभाजनातून जन्मलेले. चौथ्यातून १९८२ मध्ये लातूर काढला. म्हणजे चारच्या चारही जिल्ह्यांवर ‘लहान करा’ हे औषध आधीच वापरून झालं होतं.

यावर कुणी म्हणेल, ते मागास होते म्हणूनच तर वेगळे केले. बरोबर आहे. विभाजनाने ते मागे पडले असं मीही म्हणत नाही. पण गडचिरोलीला २०१८ पर्यंत छत्तीस वर्षं मिळाली होती, नंदुरबार-वाशीमला वीस. नुसत्या विभाजनात जादू असती तर एवढ्या काळात दिसली असती.

आणि मेसेजचीच यादी नीट वाचा. तिच्यात अहेरी आहे, जो गडचिरोलीतून काढायचा. उदगीर आहे, जो लातूरमधून. जव्हार आहे, जो पालघरमधून. साकोली आहे, जो गोंदिया आधीच वजा झालेल्या भंडाऱ्यातून. एकदा तुकडा पाडून झालेल्या जिल्ह्यांतूनच पुन्हा तुकड्याची मागणी येते. पहिल्या विभाजनाने त्या लोकांचं काम झालं असतं तर ही नावं यादीत कशाला आली असती?

जव्हारचं उदाहरण जरा जवळून बघण्यासारखं आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालमृत्यू झाले, त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आलं. ठाणे जिल्हा फोडायचा तो आदिवासी तालुक्यांसाठी, असं दोन दशकं ऐकवलं गेलं. प्रत्यक्षात २०१४ मध्ये जिल्हा झाला तेव्हा मुख्यालय गेलं पश्चिम रेल्वेच्या रुळांशेजारी, पालघरला. जव्हार-मोखाड्याच्या माणसाला घाट उतरून यावंच लागतं. शिवाय जिल्हा घोषित झाला तरी जिल्हा मुख्यालयाची नवी इमारत २०२१ मध्ये उभी राहिली. सिडकोने जमिनीच्या मोबदल्यात ती बांधून दिली. तोपर्यंत जागा मिळेल तिथे कचेऱ्या.

कचेऱ्यांचं हे मेसेजवाल्याच्या गावीही नसतं. त्याच्या लेखी जिल्हा म्हणजे नकाशावरची एक रेघ. खरं तर एकाच जमिनीवर सात-आठ वेगवेगळ्या रेघा असतात आणि त्या जुळतातच असं नाही. पनवेल घ्या. महसुलासाठी रायगड, म्हणजे कलेक्टर अलिबागला. पोलिसांसाठी नवी मुंबई आयुक्तालय. लोकसभेसाठी मावळ, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या पिंपरी-चिंचवडच्या जोडीला. यादीत ज्याला स्वतंत्र जिल्हा केलंय त्या ठाणे जिल्ह्यातल्या मीरा-भाईंदरचं पोलीस आयुक्तालय वसई-विरारबरोबर आहे, आणि वसई पालघर जिल्ह्यात. जिल्हे ३६, पण जिल्हा परिषदा ३४, कारण मुंबईच्या दोन जिल्ह्यांना ती नाही. पोलीस आयुक्त मात्र दोन्हींना मिळून एकच.

शेतकऱ्याला ज्या रेघेचा सगळ्यांत जास्त संबंध येतो ती पीककर्जाची. जिल्हा मध्यवर्ती बँक कलेक्टरबरोबर फुटत नाही, कारण ती सहकारी संस्था, तिचं वेगळं भागभांडवल, वेगळी थकबाकी. म्हणून नंदुरबार १९९८ मध्ये वेगळा झाला तरी बँक धुळे आणि नंदुरबारची एकच. वाशीमला अकोल्याची, हिंगोलीला परभणीची, पालघरला ठाण्याची. जिल्ह्याचा रौप्यमहोत्सव झाला आणि सोसायटीचं कर्ज अजून जुन्या घरातूनच येतं.

तरीही अंतराचा त्रास खोटा नाही. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर. पावसाळ्यात रस्त्याचा भरवसा नाही. एका सुनावणीसाठी तिथल्या माणसाने दोन दिवस मोडायचे, हा अन्यायच आहे आणि अहेरीची मागणी यादीतल्या इतर अनेक नावांपेक्षा मला कितीतरी वजनदार वाटते. पण बहुतेकांची बहुतेक कामं कलेक्टरकडे नसतातच. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतो, जातीचा दाखला प्रांताधिकारी देतो, फेरफार तलाठी-मंडळ अधिकाऱ्याकडे होतो, डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवर निघतो. या पातळीवर पदं रिकामी असतील आणि एका तलाठ्याकडे तीन सजांचा (तीन तलाठ्यांच्या गावांचा) कारभार असेल, तर वर कितीही कलेक्टर बसवले तरी खेटे कमी होणार नाहीत.

आणि पैसा? जिल्हा नियोजन समितीला नवा पालकमंत्री मिळतो, नवी बैठक मिळते. पण निधी लोकसंख्या, क्षेत्रफळ, मानव विकास निर्देशांक अशा निकषांवर ठरतो. जिल्ह्याचे दोन भाग झाले म्हणून माणसं किंवा जमीन दुप्पट होत नाही.

‘आमदार-खासदार वाढतात’

नाही. जागा जिल्ह्यांच्या संख्येवर ठरत नाहीत. मतदारसंघांची रचना परिसीमन आयोग करतो, आणि सध्याची रचना २००८ ची आहे. पालघर जिल्हा झाला तेव्हा विधानसभेच्या जागा २८८ होत्या, नंतरही २८८ च. माढा लोकसभा मतदारसंघ सोलापूर-साताऱ्यात पसरलाय, हातकणंगले कोल्हापूर-सांगलीत, रावेरमध्ये बुलढाण्याचं मलकापूर येतं. वाढते ती जिल्हा परिषद आणि तिच्या अध्यक्षपदाची खुर्ची. मागण्यांमागचा जोर कधीकधी तिथूनही येतो, हे गावातल्या कुणालाही विचारा.

‘तेलंगणाने केलं’

केलं खरं. ११ ऑक्टोबर २०१६ ला १० चे ३१ झाले, २०१९ मध्ये ३३. आंध्रने एप्रिल २०२२ मध्ये १३ चे २६ केले. पण मेसेज इथेच थांबतो. राजस्थानात २०२३ मध्ये ३३ चे ५० झाले. सरकार बदललं आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यातले नऊ रद्द होऊन ४१ उरले. पाट्या रंगवून झालेल्या, अधिकारी रुजू झालेले. आसामने ३१ डिसेंबर २०२२ ला चार जिल्हे जुन्या जिल्ह्यांत परत विलीन केले आणि पुढच्या वर्षी पुन्हा वेगळे करायचं ठरवलं.

आपल्याकडेही जिल्हे बुडालेले आहेत. इंग्रजी अमलात वऱ्हाडात वाशीम हा वेगळा जिल्हा होता आणि एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, हाही. १९०५ मध्ये दोन्ही मोडले. वाशीम अकोल्यात गेला, एलिचपूर अमरावतीत. वाशीमला जिल्हा परत मिळायला १९९८ उजाडलं. अचलपूर अजून मागतंच आहे, आणि मेसेजच्या यादीत त्याला ‘नवा’ जिल्हा म्हटलंय.

‘गाडीला आपला नंबर मिळेल’

हसू नका, हा दावा बऱ्याच जणांना मनापासून प्रिय असतो. पण नंबर जिल्ह्याचा नसतो, आरटीओ कार्यालयाचा असतो. पुणे एकच जिल्हा, पण पुणे शहर एमएच-१२, पिंपरी-चिंचवड एमएच-१४, बारामती एमएच-४२. आणि यादीतल्या ‘होऊ घातलेल्या’ जिल्ह्यांचं म्हणाल, तर श्रीरामपूरला एमएच-१७ आहे, मालेगावला एमएच-४१, कल्याणला एमएच-०५, अंबाजोगाईला एमएच-४४. लायसन्ससाठी मालेगावच्या माणसाला नाशिक गाठावं लागू नये म्हणून तिथे कार्यालय दिलं, आणि त्यासाठी नाशिक जिल्हा फोडावा लागला नाही.