कानाला काय झालं हो तुमच्या? (नव्या एचआर मंडळींसाठी फुकटचा सल्ला)

अभिनंदन! तुम्ही एचआर झालात, किंवा स्वतःचीच छोटी कंपनी काढलीत, आणि उद्या साडेअकराला एक कँडिडेट येणारे ज्याच्या काखेत कुबडी आहे किंवा कानात मशीन आहे किंवा बायोडेटामध्ये मधेच दोन वर्षं गायब आहेत, आणि तुम्हाला टेन्शन आलंय की याला विचारायचं का नाही. अहो विचारा की बिनधास्त! आपण मराठी माणसं, एशटीत शेजारी बसलेल्याचा पगार विचारतो, लग्न का नाही झालं ते विचारतो, मग पायाचं विचारायला कसली लाज.

आता माझा एक मावसभाऊ न्यू जर्सीत असतो, तो तुम्हाला घाबरवेल. तो म्हणतो तिकडे 1990 च्या कायद्यापासून नोकरीची ऑफर द्यायच्या आधी अपंगत्वाबद्दल विचारताच येत नाही, फक्त 'हे काम जमेल का' एवढंच विचारायचं, आणि सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्या एक फॉर्म देतात त्यात हो, नाही आणि 'मला उत्तर द्यायचं नाही' असे तीन चौकोन असतात. तिसरा चौकोन! असला चौकोन आपल्याकडे कोणी छापला तर प्रिंटिंगवाला विचारेल साहेब हे चुकून आलंय का. इंग्लंडमध्येही 2010 पासून साधारण हेच, ऑफरआधी तब्येतीच्या चौकशा बंद. लक्ष देऊ नका, त्यांना वेळ फार.

आपला कायदा बघा. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा, एप्रिल 2017 पासून लागू. त्यात भेदभाव करू नका असं आहे, पण 'इंटरव्ह्यूत विचारू नका' असं अमेरिकेसारखं सरळ वाक्य नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तसं आहे, नोकरीसाठी टेस्टची अट घालायचीच नाही असं 2017 चा वेगळा कायदा सांगतो, आणि त्याच्याही वीस वर्षं आधी, 1997 ला, मुंबई हायकोर्टाने एका हंगामी कामगाराच्या केसमध्ये सांगून झालंय की माणूस काम करायला फिट असेल तर निव्वळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला नोकरी नाकारता येत नाही. पण पायाचं, कानाचं, डोक्याचं विचारायला रान मोकळं. उलट कायदा म्हणतो की दिव्यांग कर्मचाऱ्यांचं रेकॉर्ड ठेवा, आणि समान संधीचं धोरण जाहीर करा. रेकॉर्ड ठेवायचं म्हणजे विचारावं तर लागणारच ना? बघा, कायदाच आपल्या बाजूने. धोरणाची पीडीएफ वेबसाइटवर अशा जागी टाका की आंधळा सोडा, दोन्ही डोळे शाबूत असलेल्यालाही सापडणार नाही.

विचारायचं कसं, हा मात्र कलेचा भाग आहे. डायरेक्ट 'तुम्हाला काय अपंगत्व आहे' असं रुक्ष विचारू नये. जिव्हाळ्याने सुरुवात करा. 'अरे अरे, जन्मापासून का?' मग 'घरी कोण कोण असतं, सोडायला कोण येतं?' मग 'आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे बरं का आणि लिफ्ट दुसऱ्यापर्यंतच येते', आणि एवढं बोलून त्याच्याकडे अशा नजरेने बघा की जणू ती लिफ्ट त्यानेच अर्धी बांधून सोडलीय. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आपण किती वर्षं दुसऱ्याला ऐकवली, आणि इथे खरोखरच अंगण वाकडं आहे, पण ते कोणी बोलायचं नसतं. शेवटी रामबाण वाक्य टाका, 'आम्हाला काहीच प्रॉब्लेम नाही हो, पण क्लायंट काय म्हणेल?' क्लायंटला आजवर कोणी विचारलेलं नसतं. तो बिचारा टेक्सासमध्ये झोपलेला असतो.

एक काळजी घ्या. कामाबद्दल चुकूनही विचारू नका. 'हे काम करायला तुम्हाला काय काय लागेल?' हा प्रश्न तोंडातून निसटला तर समोरचा उत्तर देईल, आणि ते उत्तर भयंकर स्वस्त असेल. दृष्टिहीन मुलगी म्हणेल कंप्यूटरवर एनव्हीडीए टाकून द्या, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, आणि ते चक्क फुकट मिळतं, मग बजेट नाही हे कारण सांगायचं कुठे? कायद्यात याला रीझनेबल अकोमोडेशन म्हणतात, म्हणजे माणसाला काम करता यावं म्हणून झेपेल तेवढा बदल करून देणं. काय लागतं ते कळलंच नाही तर द्यावंही लागत नाही, एवढं साधं गणित आहे.

नंतर सर्टिफिकेटवरच्या अपंगत्वाच्या टक्क्यांकडे या. किती टक्के हो तुम्ही? हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या माणसाला विचारला तर तो दहावीचे मार्क सांगेल. दहावीला 35 ला पास होतं, इथे 40 लागतात, त्याशिवाय आरक्षण वगैरे नाही. 38 वाला म्हणजे नापासच, त्याला सांगा 'मग तुम्ही नॉर्मलच की!' आणि काम नॉर्मलसारखं घ्या. 2021 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने यूपीएससीच्या एका परीक्षार्थीच्या केसमध्ये, त्याला लिहिताना हाताला क्रॅम्प यायचा, सांगितलं की 40 टक्क्यांच्या खालच्या माणसालाही सोय मागायचा हक्क आहे. ही बातमी ऑफिसात फिरू देऊ नका.

ज्यांचं दिसतच नाही त्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. हो, आधी कायद्यात 7 प्रकार होते ते आता 21 झालेत, त्यात डिस्लेक्सिया आहे, मानसिक आजार आहे, थॅलेसेमिया आहे, आपल्या विदर्भात घरोघरी माहीत असलेला सिकलसेल आहे. ही माणसं टापटीप शर्ट घालून येतात आणि काही सांगत नाहीत, कारण आधीच्या तीन ठिकाणी त्यांनी सांगितलेलं असतं. अशांसाठी सोपा उपाय, नंतर कळलं की 'तुम्ही लपवलंत, आमचा विश्वासघात केलात' असं म्हणायचं. आणि सांगितलंच आधी, तर? तर 'आम्ही कळवतो'.

आणि हो, दिव्यांग कार्ड दाखवलं तरी लगेच विश्वास ठेवू नका. 2024 ला पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या सर्टिफिकेटवरून जो गदारोळ झाला, त्यात खरं काय ते कोर्ट बघेल, पण तेव्हापासून आपल्याला लायसन्सच मिळालंय, कुबडी घेऊन आलेल्यालाही 'ओरिजिनल आहे ना?' विचारायचं. म्हणजे सर्टिफिकेट. किंवा पाय, जे काय असेल ते.

दंडाची भीती वाटतेय? पहिल्या वेळी जास्तीत जास्त 10 हजार. टीम लंचचं बिल काढून बघा एकदा. दुसऱ्यांदापासून 50 हजार ते 5 लाख आहे, पण त्यासाठी आधी पहिली तक्रार तरी कोणीतरी करायला हवी, आणि नोकरी शोधणारा माणूस तक्रारीसाठी सुट्टी कुठून काढणार.

हे सगळं मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझ्या डाव्या कानात मशीन आहे, उजव्याने तर टाळ्याही ऐकू येत नाहीत. एका कंपनीत (नाव जाऊ दे) इंटरव्ह्यूला मला विचारलं होतं की मशीन केवढ्याला पडलं, आईवडिलांचं नात्यात लग्न होतं का, पावसात भिजलं तर काय करता, मुलांना पण आहे का. तेही एवढ्या हळू आणि मोठ्याने की रिसेप्शनवरचा वॉचमन आत डोकावून गेला. नोकरी मिळाली, कारण त्या वर्षी त्यांना रिपोर्टमध्ये एक आकडा कमी पडत होता, आणि 3 डिसेंबरला, दिव्यांग दिनाला, मला स्टेजवर बोलावून रोपटं पण दिलं. त्यानंतर तीन वर्षं मी व्हिडिओ मीटिंगला कॅप्शन चालू करा म्हणून सात मेल टाकले. एक बटण असतं हो, खाली डावीकडे का उजवीकडे कुठेतरी. सोडताना एक्झिट फॉर्ममध्ये 'जाण्याचं कारण' विचारलं होतं, चार ऑप्शन होते, मी 'वैयक्तिक' वर टिक केली, आणि एचआरच्या मॅडम काहीतरी म्हणाल्या, बहुतेक ऑल द बेस्ट असावं, मास्क होता त्यांच्या तोंडावर.